हाक एकच, घरात माणसं चार

(गणेशोत्सवानिमित्त लोंढा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरती झाली, प्रसाद झाला, आता आमची पाळी. कार्यवाहांनी महिनाभर आधीच बजावलं होतं, "यंदा कॉम्प्युटरवर काहीतरी बोला. पण मोबाईल वाईट आहे, पोरं बिघडली, असलं नको. ते दरवर्षी होतंय." म्हणून आमच्या नोकरीतलीच एक गोष्ट घेऊन आलोय. 'आम्ही' म्हणजे दोघं. राज्य सरकारच्या एका कचेरीत, कॉम्प्युटर विभागात एकाच वर्षी लागलेले. दोघेही डिप्लोमावाले. एक लोंढ्याचा, मराठी शाळेतला. दुसरा धारवाडकडचा, कन्नड शाळेतला. आज बोलायला एकच उभा आहे, पण केलं ते दोघांनी आणि चुकलं तेही दोघांचं, तेव्हा 'आम्ही' म्हटल्यावाचून सोय नाही. कचेरी कुठली ते राहू दे.

विषय सिग्नलचा. लोंढ्यात उभं राहून सिग्नल म्हणजे काय हे सांगायचं म्हणजे वाण्याला तराजू शिकवल्यासारखं आहे. इथं निम्म्या घरांत कुणी ना कुणी रेल्वेत होतं किंवा आहे. गोव्याची गाडी, बेळगावची गाडी, हुबळीची गाडी, सगळ्या इथं भेटतात आणि सिग्नल पडल्याशिवाय कुणी हलत नाही. कॉम्प्युटरवाल्यांनी रेल्वेकडून एक शब्द खरोखरच उसना घेतलाय. हॉलंडचे एड्सखर डाइक्स्ट्रा म्हणून मोठे संगणकशास्त्रज्ञ होऊन गेले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना अडचण पडली. एकाच मशीनवर चार कामं एकदम चालतात आणि चौघांना एकच वस्तू हवी असते, तर कुणी कधी थांबायचं? त्यांनी जो उपाय काढला त्याला नाव दिलं सेमाफोर, म्हणजे आपला हाताचा सिग्नल.

पण आजचा आमचा सिग्नल तो नव्हे. युनिक्स आणि लिनक्स या प्रणालींत 'सिग्नल' म्हणतात तो रुळाच्या कडेचा खांब नसतो. ती एक हाक असते. प्रोग्रॅम आपल्या कामात मग्न आहे आणि मध्येच बाहेरून कुणीतरी हाक मारतं, "आवर!", "थांब!", "वेळ झाली!" खांबावरचा सिग्नल गाडी आपणहून बघते. ही हाक मात्र बघितली नाही तरी येऊन धडकते. रेल्वेतच उदाहरण हवं असेल तर डब्यातली साखळी ओढण्यासारखी म्हणा.

आता थ्रेड. नुसतं प्रोग्रॅम म्हटलं की एक माणूस ओळीनं काम करतोय असं चित्र येतं. पण आजचे बहुतेक प्रोग्रॅम म्हणजे एक घर असतं आणि आत चार माणसं. चतुर्थीच्या सकाळचं आपलं घर डोळ्यांसमोर आणा. एक जण सारण परततोय, एक उकड काढतोय, एक दूर्वा निवडतोय, एक मखराला दिवे लावतोय. स्वयंपाकघर एकच, कोठी एकच, विळी एकच. हे घर म्हणजे प्रोसेस आणि ही माणसं म्हणजे थ्रेड. मराठी पुस्तकांत 'धागा' लिहितात, आम्ही कचेरीत थ्रेडच म्हणतो. विळीसाठी भांडण नको म्हणून नियम असतो, विळी ज्याच्या हातात त्याचं होईपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं. त्याला लॉक म्हणतात.

आणि अशा घराच्या दारात कुणीतरी येऊन ओरडलं, "वीज जाणार आहे हो, आवरा!" तर ते कुणी ऐकायचं? एकानं ऐकलं की चौघांनी? ज्याचे हात उकडीत आहेत त्यानं दार उघडायला धावायचं का? आजचा विषय म्हणजे एवढा एक प्रश्न. ऐकायला पोरकट वाटतो, पण या प्रश्नानं आम्हाला मेमो मिळवून दिला आणि एका म्हातारीचे एक महिन्याचे पैसे अडवले.

साल २००६. पावसाळा. खानापूर तालुक्यातला पाऊस तुम्हाला सांगायला नको, छत्री हा नुसता दागिना असतो. आमच्या विभागात वृद्धापकाळ पेन्शन आणि विधवा पेन्शनच्या याद्या निघत. त्या काळी ही पेन्शन पोस्टानं, मनिऑर्डरीनं जायची. महिन्याची यादी कॉम्प्युटरवर तयार व्हायची, छापून पुढं जायची आणि तिच्यावरून पैसे सुटायचे. यादीत नाव असेल तर पोस्टमन दारात येणार, नसेल तर येणार नाही. मधली कुठली अवस्था नाही.

याद्या काढणारा प्रोग्रॅम आमच्या आधीच्या कुणीतरी लिहिलेला आणि आम्ही सांभाळलेला. त्यात चार थ्रेड. प्रत्येकाकडे काही गावं आणि प्रत्येकाची वेगळी यादी. जुन्या सर्व्हरवर तो काही वर्षं बिनतक्रार चालला. त्या साली नवा सर्व्हर आला, त्यावर नवं लिनक्स. प्रोग्रॅम तसाच्या तसा नव्या मशीनवर नेला, चालवून बघितला, जुन्यापेक्षा झपाट्यानं चालला. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो.

एका संध्याकाळी पाऊस, वारा, आणि वीज गेली. यूपीएसवर थोडा वेळ निघाला. मग बॅटरी उतरल्यावर यूपीएसनं सर्व्हरला कळवलं आणि सर्व्हरनं नियमाप्रमाणे आवराआवर सुरू केली. ही आवराआवर कशी होते ते लक्षात ठेवा, पुढं लागेल. आधी सगळ्या प्रोग्रॅमना एक सिग्नल जातो, त्याचं नाव 'टर्म'. अर्थ असा की बाबांनो, हातातलं काम नीट मिटवा आणि निघा. त्यासाठी काही सेकंद मिळतात. त्यानंतर दुसरा सिग्नल, 'किल'. तो कुणाला अडवता येत नाही, ऐकला नाही म्हणताही येत नाही. तो आला की जो जिथं असेल तिथं संपला.

सकाळी वीज आली. प्रोग्रॅम पुन्हा लावला. राहिलेली गावं त्यानं पूर्ण केली, याद्या छापल्या, सह्या झाल्या, गेल्या.

पुढच्या महिन्यात कचेरीच्या जिन्यात एक म्हातारी बसलेली. आम्हाला कुणी सरकारी माणूस म्हणून ओळखावं असा आमचा अवतार नव्हता, तरी तिनं बरोबर हेरलं. म्हणाली, "बाळांनो, माजं पैसं आलं न्हाईत या म्हयन्याला. पोस्टमन म्हणतोय यादीत नाव न्हाई. मी मेले म्हणून लिवलंय काय तुमी?"

आम्ही म्हटलं, "नाही हो आजी, असं कसं होईल, बघतो." आणि बघितलं. तिचं नाव रजिस्टरात होतं, कॉम्प्युटरच्या मूळ नोंदीत होतं, पण छापलेल्या यादीत नव्हतं. तिचंच कशाला, तिच्या वाडीतलं कुणाचंच नव्हतं, शेजारच्या वाडीतलंही नव्हतं. आणि कॉम्प्युटर मात्र ठामपणे सांगत होता की त्या दोन्ही वाड्यांचं काम झालेलं आहे.

दुसऱ्या दिवशी मेमो आला. 'संबंधितांनी मशीन मध्येच बंद केल्यामुळे नावे गळाली, खुलासा करावा.' आम्ही मशीन बंद केलं नव्हतं. पण खुलाशात काय लिहायचं ते तरी कुठं कळत होतं? 'वीज गेली' असं लिहिलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं की वीज काय यंदाच पहिल्यांदा गेली? आणि ते खरंच होतं. जुन्या मशीनवर अशी कितीतरी वेळा वीज गेली होती आणि एकही नाव गळालं नव्हतं.

जुना सर्व्हर अडगळीच्या खोलीत ताडपत्रीखाली होता. तो बाहेर काढला. साहेबांनी विचारलं तर 'धूळ झाडतोय' असं सांगायचं ठरलं. दोन्ही मशीन शेजारी ठेवून तोच प्रोग्रॅम दोन्हींवर लावला आणि कुठले प्रोग्रॅम चालू आहेत ते दाखवणारी 'पीएस' ही आज्ञा दिली. जुन्या मशीनवर आमचा प्रोग्रॅम पाच वेळा दिसला, पाच वेगवेगळे क्रमांक. नव्यावर एकदाच, एकच क्रमांक.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. चार थ्रेड आम्हाला ठाऊक होते. हा पाचवा कोण? आणि नव्या मशीनवर बाकीचे गेले कुठं?

इथं थोडा इतिहास सांगायला हवा. युनिक्समधले सिग्नल १९७० च्या दशकातले. तेव्हा एका घरात एकच माणूस असायचा. हाक आली तर ऐकणार कोण हा प्रश्नच नव्हता. थ्रेड नंतर आले आणि त्यांचे नियम पॉझिक्स या मानकात १९९५ साली ठरले. म्हणजे हाक मारायची पद्धत आधीची आणि घरात चार माणसं नंतरची. नवरा-बायकोसाठी बांधलेल्या घरात एकत्र कुटुंब राहायला आलं तर ज्या कुरबुरी होतील त्या सगळ्या इथं झाल्या. मानकानं निवाडा असा दिला: हाक घराच्या नावानं आली असेल तर घरातल्या कुणाही एकानं ती घ्यावी. जो 'आत्ता नको' म्हणून कान झाकून बसलेला नाही, असा कुणीही. कोण, हे नक्की सांगता येणार नाही. मात्र ज्याच्या स्वतःच्या चुकीनं संकट आलं, म्हणजे नसलेल्या जागी हात घातला वगैरे, त्याचा सिग्नल त्यालाच मिळेल. आमच्या मते दोन्ही नियम न्याय्य आहेत.

आता लिनक्स. लिनक्सवर थ्रेडची पहिली मोठी लायब्ररी लिहिली फ्रान्सच्या झाव्हिए लरॉय यांनी, १९९० च्या दशकात. नाव लिनक्सथ्रेड्स. तेव्हाच्या कर्नलला 'एका घरात चार माणसं' ही कल्पनाच धड समजत नव्हती. म्हणून त्यांनी युक्ती केली. प्रत्येक थ्रेड म्हणजे कर्नलच्या लेखी एक स्वतंत्र घर, फक्त कोठी सामायिक. प्रत्येकाला वेगळा घर क्रमांक. आणि सगळ्यांवर देखरेख करायला एक मुकादम थ्रेड. हाच तो आमचा पाचवा! युक्ती सुरेख होती, कित्येक वर्षं जगानं तिच्यावर काम केलं, तिला नावं ठेवणाऱ्यांनी आधी तसं काही लिहून दाखवावं. पण मानकाशी ती जुळत नव्हती. टर्मची हाक घराला म्हणून येतच नव्हती, येत होती ती एकेका माणसाला, त्याच्या वेगळ्या दारात. पुढं उलरिख ड्रेपर आणि इंगो मोल्नार यांनी नवी लायब्ररी केली, एनपीटीएल, आणि २००३ च्या अखेरीस आलेल्या कर्नल २.६ मध्ये तिला लागणाऱ्या सगळ्या सोयी होत्या. आता घर एक, क्रमांक एक, माणसं चार. मानकात सांगितलं तसं. आमच्या नव्या सर्व्हरवर ही होती.

आता आमच्या प्रोग्रॅममध्ये काय होतं ते बघा. ज्यानं लिहिला तो हुशार होता, जरा जास्तच. सुरुवातीला प्रत्येक थ्रेड आपला घर क्रमांक एका तक्त्यात लिहायचा आणि समोर आपली यादी कुठली ते. टर्म आला की हँडलर, म्हणजे हाकेला ओ देणारा तुकडा, क्रमांक विचारायचा, तक्त्यात ती ओळ शोधायचा आणि तिच्यापुढं 'थांब' अशी खूण करायचा. थ्रेड ती खूण बघून हातातलं गाव पुरं करायचा, यादी नीट मिटवायचा आणि थांबायचा. जुन्या मशीनवर आवराआवरीच्या वेळी टर्म चौघांच्या चार दारांत वेगवेगळा जायचा, चौघे आपापली यादी मिटवायचे. सुंदर.

नव्या मशीनवर चौघांनीही तक्त्यात एकच क्रमांक लिहिला. हाक एकदाच आली आणि एकालाच मिळाली. हँडलरनं तक्त्यात पहिली जी ओळ जुळली तिच्यापुढं खूण केली. ती मुख्य थ्रेडची होती. त्यानं आपली यादी मिटवली आणि बाकीच्या तिघांची वाट बघत बसला. तिघांना पत्ताच नाही, ते लिहितायत आपले. काही सेकंद झाले आणि किल आला.

आता नावं गळाली कशी, तर तो दोष निराळा. नावं लगेच डिस्कवर जात नाहीत. मेमरीत एक टोपली असते, ती भरली की डिस्कवर ओततात. एकेक मोदक घेऊन देवघरात कुणी जात नाही, ताट भरलं की नेतो, तसं. पण 'या गावाचं काम झालं' ही खूण मात्र आमचा प्रोग्रॅम लागलीच पक्क्या नोंदीत करत होता. किल आला तेव्हा आजीच्या वाडीची खूण पक्की झाली होती आणि आजीचं नाव टोपलीत होतं. टोपली गेली, खूण राहिली. सकाळी प्रोग्रॅमनं खूण बघितली आणि वाडी सोडून पुढं गेला. तो चुकीचा क्रम जुन्या मशीनवरही होता. तिथं टोपली नेहमी नीट ओतली जायची म्हणून तो कधी उघडा पडला नाही, एवढंच.

खुलासा लिहिला, दोन पानी. साहेबांनी शेवटची ओळ वाचून विचारलं, "म्हणजे चूक कुणाची?" आम्ही म्हटलं, "सर, सांभाळायला आमच्याकडे होता, म्हणजे आमचीच." त्यांनी तो खुलासा फाईलला लावला आणि पुढच्या यादीत दोन्ही वाड्यांना दोन महिन्यांचे पैसे घालायची टिप्पणी स्वतः लिहिली. हे सांगायला हवं, कारण साहेब लोकांची आठवण बहुधा मेमोपुरतीच निघते.

मग दुरुस्ती. एका जाणकाराला फोन केला. तो म्हणाला, "सोपं आहे, एक व्हेरिएबल लावा, 'एलडी अझ्यूम कर्नल', त्यात जुन्या कर्नलचा आकडा द्या, म्हणजे मशीन तुमच्यापुरती जुनी लायब्ररी वापरेल." लावलं. चाललं! एक महिना त्यावर काढला. पण त्याच वर्षी ग्लिबसी या मूळ लायब्ररीच्या २.४ आवृत्तीतून लिनक्सथ्रेड्स काढून टाकल्याचं वाचनात आलं. म्हणजे पुढच्या सर्व्हरवर हा टेकू मिळणार नव्हता. टेकू दिलेल्या भिंतीखाली पाळणा बांधू नये असं आमच्या घरची म्हातारी माणसं म्हणायची.

म्हणून आम्ही स्वतः दुरुस्ती केली आणि ती पहिल्या झटक्यात चुकीची केली. ही चूक मुलांनी नीट ऐकावी, कारण डिप्लोमाला, इंजिनिअरिंगला गेलेली आपली पोरं हीच चूक करतील. आम्ही विचार केला, हाक एकालाच मिळतेय ना, मग ज्याला मिळेल त्यानंच चौघांच्या याद्या मिटवाव्यात. म्हणून हँडलरमध्ये लिहिलं: लॉक घे, चारही याद्या मिटव, लॉक सोड. दहा वेळा टर्म पाठवून बघितला, दहाही वेळा बरोबर. अकराव्यांदा प्रोग्रॅम अडकला. पुढं जाईना, मागं येईना, आपणहून मरेना.

कारण कळायला दोन दिवस लागले आणि ते कळलं रेल्वेमुळं. आमच्यातला लोंढ्याचा जो, त्याच्या घरात नील्स टोकनच्या गोष्टी लहानपणापासून. नव्या मुलांसाठी सांगतो. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून दोन्ही स्टेशनांवर एकेक यंत्र असायचं आणि आत लोखंडी गोळे. दोन्ही यंत्रं तारेनं जोडलेली. एक गोळा बाहेर निघाला की तो परत कुठल्या तरी यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघणार नाही. ज्या ड्रायव्हरच्या हातात गोळा, त्याचाच मार्ग. आता समजा, गोळा घेऊन निघालेल्या ड्रायव्हरलाच कुणी थांबवलं आणि सांगितलं, "हातातलं सगळं जिथल्या तिथं ठेव. आधी या मार्गाचा गोळा काढून आण, मगच पुढं जा." तो बिचारा यंत्रापाशी जाऊन उभा राहतो. यंत्र गोळा देत नाही, कारण गोळा बाहेर आहे. कुणाकडे? त्याच्याच झोळीत. आता तो तिथं जन्मभर उभा राहील.

हँडलरचं नेमकं हेच. आम्हाला वाटत होतं की हँडलर म्हणजे कुणी वेगळा माणूस येऊन काम करतो. तसं नसतं. जो थ्रेड काम करतोय त्यालाच मध्येच थांबवून त्याच्याच हातून हँडलरचं काम करून घेतात. त्याच्या हातात आधीच लॉक असेल तर तो स्वतःचीच वाट बघत बसतो. दहा वेळा हाक आली तेव्हा त्याच्या हातात लॉक नव्हतं. अकराव्यांदा होतं.

हे पूर्वी एकदा सांगितलं तेव्हा एका मुलानं विचारलं होतं, "काका, ज्याच्याकडे आहे त्यालाच पुन्हा आत सोडणारं लॉकही असतं की, ते का नाही लावलं?" चांगला प्रश्न. असतं तसं लॉक. दार उघडेलही. पण आत यादी अर्धवट लिहिलेली असेल, नाव लिहिलंय आणि रक्कम लिहायचीय अशी. ती तशीच मिटवली तर अडकण्यापेक्षा वाईट, कारण अडकलेलं निदान दिसतं. शिवाय आपण न लावलेलीही लॉक असतात. छापायचं साधं 'प्रिंटएफ' घ्या, मेमरी मागायचं 'मॅलॉक' घ्या, दोघांच्याही पोटात लॉक आहेत. म्हणून हँडलरमध्ये काय वापरलं तर चालतं याची यादीच पॉझिक्समध्ये दिलेली आहे. 'राईट' तीत आहे, 'प्रिंटएफ' नाही. आमच्या हँडलरमधली निम्मी कामं त्या यादीबाहेरची होती.

मग शेवटी जे केलं ते फार साधं आहे आणि तेही स्टेशनात रोज चालतं. शेजारच्या स्टेशनवरून लाइन क्लिअर मागितली जाते तेव्हा फोन कोण घेतो? पॉइंट्समन जवळ उभा असला तरी तो घेत नाही, तिकीट विकणारा घेत नाही. कामावर असलेला स्टेशन मास्तर घेतो, रजिस्टरात वेळ लिहितो, प्रायव्हेट नंबर देतो-घेतो. बाकीच्यांसाठी तो फोन वाजतच नाही म्हणा. सिग्नलच्या बाबतीतही तसं करता येतं. प्रोग्रॅम सुरू होताच, एकही थ्रेड जन्मायच्या आधी, मुख्य थ्रेडनं टर्मला कान बंद करून घ्यायचे. याला मास्क म्हणतात. नंतर जन्मणाऱ्या प्रत्येक थ्रेडला तो मास्क आईकडून आल्यासारखा मिळतो. आणि मग एक जादा थ्रेड ठेवायचा. त्याचं काम एकच, 'सिगवेट' म्हणून फोनपाशी बसायचं. टर्म आला की तो इतर कुणाच्या कामात घुसत नाही, फोनपाशी बसलेल्याला सरळ हातात मिळतो. याला कुणी मध्येच थांबवलेलं नाही, तो मोकळाच होता, म्हणून तो लॉक घेऊ शकतो, छापू शकतो, काहीही करू शकतो. तो चौघांसाठी 'थांबा' अशी एकच खूण करतो. प्रत्येक जण हातातलं गाव पुरं करून ती खूण बघतो, आपली टोपली डिस्कवर ओततो आणि थांबतो. गाव झाल्याची खूणही आता टोपली ओतल्यानंतरच करायची.

कान बंद करण्याचा क्रम मात्र चुकवून चालत नाही. आधी थ्रेड जन्माला घातले आणि मग मास्क लावला, तर जन्मलेल्यांचे कान उघडेच राहतात. आणखी एका ठिकाणी आम्ही ठेच खाल्ली. आमचा प्रोग्रॅम शेवटी छापण्यासाठी दुसरा प्रोग्रॅम सुरू करायचा. त्यालाही तो मास्क वारशानं गेला. एकदा कागद अडकला म्हणून त्याला टर्म पाठवला तर तो ढिम्म. पुन्हा पाठवला, ढिम्म. आईनं कान बंद केलेले, लेकरू बहिरं. दुसरा प्रोग्रॅम सुरू करण्याआधी त्याच्यापुरते कान उघडून द्यायचे, हे तेव्हा शिकलो.

घाटात कॅसलरॉक ते कुळे ३७ फुटांना १ फूट असा उतार आहे. त्या उतारावर गाडी चालवणाऱ्यांना आपण मानतो, मानायलाच हवं. कॉम्प्युटरच्या आतली ही लॉक आणि हाकांची कामं करणारी माणसं मात्र कुणाला दिसत नाहीत. यादी बरोबर निघाली तर ती आपोआप निघाली असं सगळ्यांना वाटतं. आम्हाला त्याची तक्रार नाही. पण आपल्या घरातलं एखादं पोर रात्री स्क्रीनपुढं बसून 'दहा वेळा चालतंय, अकराव्यांदा अडकतंय' असं बडबडत असेल, तर त्याला वेड लागलंय असं लगेच समजू नका, एवढी विनंती.

पुढच्या पावसाळ्यात परत वीज गेली, जायचीच होती. आम्ही दोघंही तेव्हा कचेरीत नव्हतो. एक लोंढ्याच्या गाडीत होता, खानापूरच्या पुढं. सकाळी जाऊन आधी नोंदवही उघडली. टर्म मिळाल्याची वेळ होती आणि खाली चार ओळी, चार याद्या मिटल्या. तरी विश्वास बसेना. यादी काढली आणि आधी आजीची वाडी शोधली. अर्धं गाव झालेलं असताना हाक आली होती, ते गाव पुरं होऊनच यादी मिटली होती. आजीचं नाव होतं. तिच्यानंतरची दोन नावंही होती.

ज्या मुलांना हे स्वतः करून बघायचं असेल त्यांच्यासाठी छोटे दोन प्रोग्रॅम लिहून आणलेत, एक अडकणारा आणि एक न अडकणारा. अडकणारा कधी अडकेल ते सांगता येत नाही, तेव्हा जरा वेळ काढून या. पेन ड्राईव्ह कार्यवाहांकडे दिलाय.

गणपती बाप्पा मोरया!